उतरलेले तोंड

शास्त्रपाठ : उत्पत्ति ४:३–९, १ राजे १९:१–९, योहान १६:४–७



मनुष्याच्या रागाची गोष्ट पवित्र शास्त्रात प्रथम कोठे येते? राजाच्या दरबारात नव्हे, रणभूमीवरही नव्हे. ती एका घरात, सख्ख्या दोन भावांच्या मध्ये येते. हाबेलाचे अर्पण देवाने मान्य केले, काइनाचे केले नाही. तेव्हा काइनाच्या मनात राग भरला आणि त्याचे तोंड उतरले. एवढा वृत्तांत आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलेही सांगतील. परंतु यानंतर देवाने काय केले, तिकडे आमच्या मते आपले लक्ष पुरते जात नाही. देवाने त्यास मारले नाही, धमकावले नाही. "हाबेल पाहा किती शहाणा" असेही म्हटले नाही. देवाने त्यास विचारले. तुला राग का आला आहे, तुझा चेहरा असा का झाला आहे, अशा अर्थाचा प्रश्न त्याने केला.

जो अंतःकरणे पारखतो, त्यास कारण ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तो प्रश्न देवाच्या माहितीकरिता नव्हता, काइनाच्या उपयोगाकरिता होता. आपल्या आत काय चालले आहे हे त्याने स्वतः पाहावे, त्यास नाव द्यावे व ते बापापुढे उघड करावे, यासाठी तो होता. पुढे देवाने त्यास आणखी समजावले की, पाप दाराबाहेर दबा धरून बसले आहे, त्याची ओढ तुझ्याकडे आहे, परंतु त्यास ताब्यात ठेवणे तुझे काम आहे. येथे एक सूक्ष्म भेद आहे, तो आईबापांनी नीट ध्यानात घ्यावा. राग घरात आलेला होता. पाप अजून दाराबाहेर होते. देवाने या दोहोंस एक मानले नाही. राग आला एवढ्यावरून काइन खुनी ठरला नव्हता. अजून वेळ होती, अजून बोलता आले असते.

काइन बोलला नाही. देवाच्या प्रश्नास त्याने दिलेले उत्तर शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. तो उठला, भावाशी बोलला, त्यास शेतात घेऊन गेला, आणि पुढचे आपण जाणतो.

आज आम्ही हा पाठ आपल्या घरांतील अगदी लहान मुलांविषयी, म्हणजे दोन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांविषयी बोलण्याकरिता घेतला आहे. कोणी म्हणेल, काइन तर मोठा होता, त्याचा आणि आमच्या सोन्याचा काय संबंध? संबंध असा की, तोंड तर दोघांचेही उतरते. काइनाजवळ उत्तर देण्यास शब्द होते, तरी त्याने ते दिले नाही. तीन वर्षांच्या मुलाजवळ शब्दच नसतात. त्याच्या आत वादळ उठते, आणि त्या वादळास काय म्हणावे हे त्यास माहीत नसते. म्हणून ते जमिनीवर अंग टाकते, हातपाय आपटते, चावते, ताट भिरकावते. आपण त्यास हट्टी म्हणतो, द्वाड म्हणतो. काही घरांत, आणि आम्हांस खेदाने लिहावे लागते की बाप्तिस्मा झालेल्या घरांतही, अशा वेळी "दृष्ट लागली" म्हणून मीठमोहऱ्या व मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात. प्रभूच्या लेकरावर दृष्टीची सत्ता चालते असे ज्यास वाटत असेल, त्याने आपला विश्वास एकदा तपासून पाहावा. मुलास दृष्ट लागलेली नसते. मनाच्या वेगास आवर घालणारा मेंदूचा जो भाग कपाळामागे आहे, तो फार सावकाश तयार होतो, आणि पूर्ण तयार होण्यास विशी उलटावी लागते, असे त्या विषयाचे जाणते लोक सांगतात. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाने मोठ्याप्रमाणे स्वतःस सावरावे ही अपेक्षा म्हणजे आज पेरलेल्या शेतात उद्या कणसे शोधण्यासारखे आहे. मशागत मात्र आजच करावयाची असते.

ती मशागत कशी करावी याचा पहिला धडा एलीयाच्या गोष्टीत आहे. कर्मेल डोंगरावर एवढे मोठे काम करून आलेला हा संदेष्टा ईजबेलीच्या धमकीने घाबरला, रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. हे बोलणे काही संदेष्ट्याला शोभणारे नव्हते. परंतु देवाच्या दूताने त्यास उपदेश केला नाही. एलीया झोपला होता; दूताने त्यास स्पर्श केला आणि खावयास सांगितले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई होती. तो जेवला व पुन्हा निजला. दूताने त्यास पुन्हा उठवून जेवू घातले, आणि वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे हेही कबूल केले. मग चाळीस दिवसांचा प्रवास झाला, होरेब आला, आणि तेव्हा देवाने विचारले की तू येथे काय करीत आहेस. आधी झोप, आधी भाकर, आधी स्पर्श; प्रश्न त्यानंतर. ज्या घरातील आई दिवसभर खुरपणी करून संध्याकाळी परतते व तिचे मूल तिला पाहताच भोकाड पसरते, त्या घरात हा पाठ भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. ते मूल तुम्हांस त्रास देण्याकरिता रडत नसते. त्याने दिवसभर धरून ठेवलेले सारे ते आपल्या माणसापुढे सोडून देत असते. त्यास दोन घोट पाणी द्या, अर्धी भाकर द्या, मांडीवर घ्या. कान दुखतो आहे काय, पोटात जंत आहेत काय, झोप राहिली आहे काय, हे पाहा. निम्मे रडणे एवढ्यानेच सरते. उरलेले जे निम्मे, त्याविषयी पुढे बोलू.

उरलेल्याकरिता मुलास शब्द पाहिजेत, आणि ते शब्द आईबापांनीच द्यावयाचे आहेत. आपली मराठी भाषा याबाबतीत गरीब नाही. राग आहे, रुसवा आहे, हेवा आहे. भीती आहे, धास्ती आहे. मूल हिरमुसते, ओशाळते, लाजते, चिडते, कंटाळते. कोणाची आठवण येऊन त्याच्या जिवाला हुरहुर लागते. ही वेगवेगळी दुःखे आहेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, परंतु आपण मुलाशी बोलताना या सर्वांस एकच शब्द वापरतो, तो म्हणजे "गप्प!" स्तोत्रसंहिता उघडून पाहा. दावीद भ्याला तर भ्यालो म्हणतो, एकटा पडला तर एकटा पडलो म्हणतो, रागावला तर तोही राग देवापुढे मांडतो, आणि रात्री रडून अंथरूण भिजवले तर तेही लपवीत नाही. देवाने आपल्या लोकांच्या मुखी प्रार्थनेकरिता जे पुस्तक दिले, त्यात मनाच्या एवढ्या अवस्था नावांनिशी आल्या आहेत. मग आपल्या लेकरांस त्यांची नावे शिकविणे हे काही नवे खूळ नव्हे.

एक रोजचे उदाहरण घेऊ. घरात पाठचे भावंड जन्मले. कालपर्यंत आईच्या कुशीत निजणारी तीन वर्षांची मुलगी आज आजीजवळ निजते. चार दिवसांनी ती बाळास चिमटा काढते. आता तिच्या पाठीत धपाटा बसतो, आणि वर ऐकावे लागते की, "एवढी मोठी झालीस, लाज नाही वाटत?" ती काही मोठी झालेली नाही, ती चार दिवसांपूर्वी होती तेवढीच आहे. तिच्या आत जे आहे त्याचे नाव हेवा, आणि त्या हेव्याच्या खाली आई आपली राहिली नाही ही धास्ती. आईने तिचा हात धरावा, घट्ट धरावा, आणि म्हणावे, "बाळाला मी चिमटा काढू देणार नाही. पण आई सारखी बाळालाच घेते, म्हणून तुला वाईट वाटते ना?" बहुधा ती मुलगी तेव्हा जोराने रडू लागेल. भिऊ नका, ते रडणे चिमट्याहून बरे. काइनाने जे सांगितले नाही, ते ही पोर सांगत आहे.

यात दोन गोष्टी एकत्र आहेत हे पाहावे. चिमट्यास बंदी आहे, हेव्यास नाव आहे. पुष्कळ आईबाप एक करतात व दुसरे सोडतात. कोणी चिमट्याबरोबर हेव्यावरही काठी चालवितात. कोणी हेवा समजून घेतात आणि चिमटाही चालू देतात. देवाने काइनाशी बोलताना दोन्ही सांभाळले. त्याने राग का आला हे विचारले, आणि दाराशी बसलेल्यास ताब्यात ठेव हेही सांगितले. शेतकरी बंधूंस आम्ही याहून अधिक काय सांगावे? गोठ्यातील बैलास नाव असते म्हणून तो हाकेस वळतो. अंधारात शिरलेले, नाव नसलेले जनावर हाकेस वळत नाही आणि दाव्यासही येत नाही. मुलाच्या मनातील प्रकारही असाच आहे. "मला राग आला आहे" असे जे मूल तोंडाने म्हणू शकते, त्यास हाताने मारण्याची गरज थोडी कमी होते. एकदम नाही, शंभर वेळा सांगावे लागते.

आता रडणे थांबविण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत, व दोन्ही वाईट आहेत, म्हणून त्यांविषयी बोलणे भाग आहे. पहिली वाट लाच देण्याची. मूल रडले की हातात पाच रुपयांचा पुडा, आणि अलीकडे हातात मोबाइल. मूल तत्काळ गप्प होते, यात शंका नाही. परंतु ते शांत झालेले नसते. त्याचे लक्ष केवळ दुसरीकडे ओढून नेलेले असते. आतले दुःख तसेच आत राहते, आणि मूल एवढेच शिकते की मनात काही दुखले तर बाहेरून काहीतरी आत टाकावे. हीच शिकवण मोठेपणी गुत्त्याची वाट दाखविते काय, याचा विचार ज्या घरांनी दारूचे दुःख सोसले आहे त्यांनी करावा.

दुसरी वाट भयाची. बागुलबुवा येईल, पोलीस धरून नेईल, डॉक्टर सुई टोचील. पुढे खरोखर ताप आला व परिचारिका सुई घेऊन आली म्हणजे तेच मूल तिला पाहून किंकाळ्या फोडते, आणि आपण म्हणतो, भित्रे आहे! परंतु या सर्वांत अधिक दुखविणारे एक वाक्य आम्ही विश्वासणाऱ्या घरांत ऐकतो, ते हे की, "रडलास तर येशू रागावेल." प्रियहो, प्रभू मुलांवर रागावला अशी एकही गोष्ट शुभवर्तमानांत नाही. मुलांना हाकलून लावणाऱ्या मोठ्या माणसांवर मात्र तो रागावला, हे मार्काने दहाव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. आणि ती मोठी माणसे परकी नव्हती, त्याचे शिष्यच होती. त्यांस वाटले, हा गलका प्रभूस नको असेल. प्रभूने मुलांस कवेत घेतले. आपण ज्या देवाचे नाव सांगून मुलास भिववितो, त्याच देवाजवळ त्याने मोठेपणी आपले पाप व आपले दुःख घेऊन जावे अशी आपली इच्छा असते. बागुलबुवाजवळ कोण जाईल?

येथे कोणी जुने बंधू नीतिसूत्रांचा तेरावा अध्याय पुढे करतील, व आम्ही त्यांस टाळणार नाही. जो मुलावर छडी चालवीत नाही तो त्याचा द्वेष्टा होय, अशा अर्थाचे शलमोनाचे वचन तेथे आहे. परंतु मूळ इब्री भाषेत तेथे जो शब्द आहे, तोच शब्द तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीकरिता आला आहे, आणि तेथे ती काठी मेंढरास धीर देते असे दावीद म्हणतो. दिवाळीच्या सुमारास मेंढरांचे कळप घेऊन घाट उतरणारे धनगर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यांच्या काठीकडे कधी लक्ष देऊन पाहा. ती फांदी वाकवून पाला खाली आणते, कुत्र्या-लांडग्यास दूर ठेवते, वाट सोडलेल्यास अडवून कळपात वळविते. कोकरू दमले म्हणजे काठी काखेत जाते आणि कोकरू खांद्यावर येते. कोकराची हाडे मोडणारा धनगर धनगर नव्हे. मुलास वळण लावावे, मर्यादा घालावी, चुकीचे फळ चाखू द्यावे. शास्त्र हे सर्व मागते. संतापाच्या भरात हाती लागेल त्याने बडविणे ही शास्त्राची शिस्त नव्हे, तो बापाचा स्वतःचा न आवरलेला राग होय. देशाच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलास मारणे आणि मानसिक छळ करणे या दोहोंसही मनाई केली आहे. प्रभूच्या घराने यात सरकारच्या मागे राहावे काय?

पौलानेही बापांस दोनदा बजाविले आहे, एकदा इफिसकरांस व एकदा कलस्सैकरांस लिहिताना, की मुलांस चिडवू नका. आणि दुसऱ्या ठिकाणी त्याने कारण दिले आहे की, त्यांचे मन खचेल. रोमी राज्यात बापाची मुलांवरील सत्ता जवळजवळ अमर्याद होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आज्ञेचे वजन कळते. मुलांनी बापाची आज्ञा पाळावी हे तर तेव्हा सगळेच सांगत. बापाने मुलाच्या मनास जपावे हे सांगणारा पौल निराळा होता.

"मुलगा असून रडतोस काय?" हा प्रश्न आपल्या घरांतून काढून टाकावा. मिसरचा अधिपती योसेफ किती वेळा रडला ते उत्पत्तीच्या पुस्तकात मोजून पाहा. बेचाळिसाव्या अध्यायापासून शेवटपर्यंत तो पुनःपुन्हा रडतो. त्यातही त्रेचाळिसाव्या अध्यायातील प्रसंग मुलांना सांगण्याजोगा आहे. धाकट्या बन्यामिनास पाहून त्याचा जीव भरून आला; तो आतल्या खोलीत गेला, रडला, तोंड धुतले, मन आवरून बाहेर आला, आणि त्याने वाढावयास सांगितले. रडण्यास जागा, मग गार पाणी, मग पुढचे काम. मुलास हा क्रम शिकवावा. तोंड धुण्याकरिता रांजणाशी नेलेले मूल अर्ध्या वाटेतच उसासा टाकते. आणि मुलींस याच्या उलट सांगावे लागते. त्यांस रडू देतात, पण रागावू देत नाहीत, रागावलेल्या मुलीस "उद्या सासरी कसे होईल?" असे पाच वर्षांची असल्यापासून ऐकावे लागते. अन्याय झाला असता तिला राग येऊ द्या, आणि तो सरळ शब्दांत सांगण्यास शिकवा. तिला त्याची गरज पडेल.

आता आपल्या भागातील एका मोठ्या दुःखाविषयी. पावसाळा सरला, कारखान्यांचे बॉयलर पेटले, की बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीस निघतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. आपल्या मंडळ्यांतलीही घरे त्यांत असतात. मुलांची शाळा बुडू नये म्हणून अनेक आईबाप त्यांस आजीआजोबांपाशी ठेवून जातात. त्यांच्या त्या त्यागास आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु जाण्याची रीत पाहा. मूल रडेल म्हणून पहाटे ते झोपलेले असताना ट्रॅक्टरमध्ये बसतात. मूल जागे होते, आईचे अंथरूण रिकामे. आजी सांगते, "आई बाजाराला गेली, येईल संध्याकाळी." संध्याकाळ येते, आई येत नाही. असे मूल मग आजीच्या पदरास धरून राहते, तिला परसाकडेही एकटी जाऊ देत नाही, झोपण्यास भिते. आणि आजी म्हणते, फार चिकट झाले आहे. ते चिकट झालेले नाही. झोपलो की माणसे नाहीशी होतात, एवढे ते शिकले आहे.

आमचा प्रभू असा गेला नाही. योहानाच्या चौदाव्यापासून सोळाव्या अध्यायापर्यंत पाहा. आपण जाणार, हे त्याने शिष्यांस आधी सांगितले. कोठे जाणार, का जाणार, परत येणार, आणि तोपर्यंत तुमच्याजवळ कोण राहील, हेही सांगितले. हे ऐकून त्यांस दुःख झाले. प्रभूने ते पाहिले आणि त्यांचे अंतःकरण दुःखाने भरले आहे असे स्वतः बोलून दाखविले. दुःख होईल म्हणून त्याने सत्य दडविले नाही. आईबापांनो, तुम्हीही आठ दिवस आधी सांगा. "आम्ही ऊस तोडायला जाणार. तू आजीजवळ राहशील. तुला आमची आठवण येईल, आम्हालाही तुझी येईल. होळी झाली, पाडवा झाला, की मग आम्ही येऊ." लहान मुलास महिने कळत नाहीत, पण सण कळतात. आईचे जुने लुगडे पांघरावयास ठेवा. त्यास आईचा वास असतो. रविवारी ठरल्या वेळी मोबाइलवर बोला. हे यंत्र मुलास गप्प करण्यास वाईट खरे, पण आईचा आवाज ऐकविण्यास फार चांगले. निघताना मूल जागे असू द्या, रडू द्या, तुम्हीही रडा. आणि आजीबाईंनो, त्या मुलाने आईचे नाव काढले तर विषय बदलू नका. त्याच्याबरोबर आईचे नाव घ्या.

मृत्यूविषयीही असेच. आजोबा वारले आणि मुलास सांगितले की ते परगावी गेले; हे असत्य आहे, आणि मूल वाट पाहत राहते. "देवाला आवडले म्हणून नेले" हेही न सांगावे. आपणही देवास आवडतो हे मुलाने शब्बाथ शाळेत ऐकलेले असते, आणि मग त्यास रात्री झोप येत नाही. आजोबांचे शरीर थांबले, ते आता श्वास घेत नाहीत, त्यांस दुखत नाही, ते प्रभूजवळ आहेत, आणि आपल्याला त्यांची आठवण येऊन रडू येते, एवढे खरे सांगावे. लाजराच्या कबरेपाशी, घटकेत त्यास उठविणार हे ठाऊक असूनही, प्रभूच्या डोळ्यांत अश्रू आले होते. पुनरुत्थानाची आशा आहे म्हणून रडू नये, असे त्याने मार्थेस किंवा मरियेस सांगितले नाही.

हे सर्व मुलांस शिकवावयाचे तर मोठ्यांचे काय? जो बाप स्वतः ताट भिरकावतो, त्याचे मूल वाटी भिरकावणारच. कवी नारायण वामन टिळक यांस महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून प्रेमाने ओळखतो. परंतु त्यांचा स्वभाव किती तापट होता, हे लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या आपल्या ग्रंथात काही न लपविता सांगितले आहे. देवभक्त माणसासही हा झगडा असतो. म्हणून आम्ही बापांस असे सांगत नाही की तुम्हांस राग येऊच नये. आम्ही एवढेच म्हणतो की, तो आल्यावर मुलादेखत मोठ्याने म्हणा, "मला आता राग आला आहे, मी जरा बाहेर जाऊन येतो," आणि खरोखर बाहेर जा. पण गुत्त्याकडे नव्हे, विहिरीकडे. आणि रागाच्या भरात हात उगारला गेला तर संध्याकाळी मुलाजवळ बसून क्षमा मागा. बापाने पोराची क्षमा मागितल्याने मान जातो असे गावात समजतात. आम्हांस तर असे दिसते की, ज्याने आपल्या बापाच्या तोंडून "चुकलो" हा शब्द ऐकला आहे, त्यास पश्चात्ताप म्हणजे काय हे उपदेशकाने वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

उपदेशक बंधूंस व शब्बाथ शाळेच्या बाईंस दोन शब्द. एली याजकाने हन्नेस मंदिरात ओठ हलविताना पाहिले व ती प्यालेली आहे असे ठरविले. ती दुःखाने प्रार्थना करीत होती. देवाच्या सेवकाकडूनही दुसऱ्याचे मन वाचण्यात अशी गफलत होते, म्हणून वर्गात कोपऱ्यात तोंड फिरवून बसणाऱ्या मुलास "उद्धट" म्हणण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन या. घरात काय घडले ते कळेल. आणि हन्नेची गोष्ट शेवटपर्यंत वाचा. तिने आपले मन उघड केले, एलीने ऐकून घेतले व आशीर्वाद दिला. मग ती जेवली, आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा उदास राहिला नाही. काइनाचे तोंड उतरलेलेच राहिले, हिचे उजळले. मुलांस या दोन गोष्टी एकाच रविवारी सांगून पाहा, आणि कागदावर दोघांची तोंडे काढण्यास सांगा.

काही मुलांचे दुःख घरच्या उपायांनी हटत नाही. दोन वर्षे पुरी होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेस ओ देत नसेल, महिनेच्या महिने खाणे-झोपणे बिघडले असेल, किंवा एखाद्या माणसास पाहूनच थरथरत असेल, तर अंगणवाडी सेविकेस सांगा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत येऊन अशा मुलांची तपासणी करतात व पुढे कोठे न्यावे ते सांगतात. यात लाज नाही. आणि एखाद्या माणसास पाहून मूल थरथरत असेल तर ते माणूस नात्यातले असो की मंडळीतले, मुलाचे म्हणणे खरे धरून चला, आणि त्यास त्या माणसाबरोबर एकटे सोडू नका.

शेवटी कुटुंबप्रार्थनेविषयी. ती बहुतेक घरांत रात्री जेवणानंतर होते, बाप लांब प्रार्थना करतो आणि मुले पेंगतात. आमची सूचना अशी की, प्रार्थनेपूर्वी प्रत्येक मुलास एकच प्रश्न विचारावा की आज तुझे मन कशाने भरून आले, किंवा कशाने दुखले. त्याने सांगितले तर ऐकावे, नाही सांगितले तर सोडून द्यावे. मग त्यास स्वतःच्या शब्दांत देवाशी एक वाक्य बोलू द्यावे. "देवबाप्पा, मला दादाचा राग आला आहे, त्याने माझा भोवरा घेतला," एवढेच ते म्हणाले, आणि त्यात क्षमा नाही, उपकारस्तुती नाही, तरी कोणी हसू नये, कोणी मध्येच ते सुधारू नये. दादासह घरातील सर्वांनी त्यास आमेन म्हणावे.